पवित्रा बदलण्याची किंमत: हॅगलर–लेनर्ड लढतीतल्या पहिल्या सहा मिनिटांचा अभ्यास

६ एप्रिल १९८७ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पहिल्या फेरीची घंटा झाली आणि मार्व्हिन हॅगलर डावा पाय पुढे ठेवून उभा राहिला. साडेसहा वर्षं मिडलवेट वजनगटाचा विजेता आणि बारा वेळा विजेतेपद राखलेला हा बॉक्सर साऱ्या जगाला साउथपॉ म्हणून ठाऊक होता: उजवा पाय पुढे, उजव्या हाताचा जड जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मागून डावा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा). त्या दिवशी मात्र त्याने लढत ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय आणि डावा हात पुढे असलेल्या, पवित्र्यात सुरू केली. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिन्ही जजनी शुगर रे लेनर्डला दिल्या. तिसऱ्या फेरीला हॅगलर साउथपॉवर परतला. बारा फेऱ्या संपल्यावर निकाल विभागून लागला, दोन जजनी लेनर्डला आणि एकाने हॅगलरला कौल दिला, आणि विजेतेपद लेनर्डकडे गेलं.

ही लढत खरी कोणी जिंकली यावर मुष्टियुद्धाचे चाहते आजही भांडतात. त्या भांडणात इथे पडायचं नाही. पवित्रा बदलण्याबद्दल शिकण्यासाठी हे प्रकरण फार मोलाचं आहे, कारण इथे बदल करणारा माणूस कच्चा नव्हता. हॅगलर दोन्ही बाजूंनी लढू शकत होता, आणि आधीच्या मोठ्या लढतींमध्येही त्याने दोन्ही बाजू वापरल्या होत्या. म्हणजे ‘त्याला येत नव्हतं’ हे उत्तर इथे चालत नाही. कौशल्य हाताशी असूनही बदल महाग का पडला, हाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

लढतीच्या अटी

अटींकडे दुर्लक्ष केलं तर पुढचं काहीच नीट कळणार नाही. लेनर्डच्या बाजूने तीन गोष्टी मागून घेतल्या होत्या: पंधराऐवजी बारा फेऱ्या, वीस फुटी रिंग आणि दहा औंसाचे ग्लोव्ह्ज. हॅगलरच्या बाजूने त्या बदल्यात मानधनाचा मोठा वाटा घेतला.

वीस फुटी रिंग म्हणजे चारशे चौरस फूट. अठरा फुटी रिंग असती तर ते क्षेत्र ३२४ चौरस फूट झालं असतं. फिरत राहणाऱ्या बॉक्सरला जवळजवळ पाव रिंग जास्तीची मिळाली. बारा फेऱ्यांचं गणित आणखी सरळ आहे. पंधरा फेऱ्यांच्या लढतीत पहिल्या दोन फेऱ्या गेल्या तर तेरा उरतात, बारामध्ये दहाच. हॅगलरचा खेळ उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्याला दमवून गाठण्याचा, म्हणून त्याच्यासाठी सुरुवातीच्या प्रत्येक फेरीची किंमत या लढतीत वाढली होती.

समोर लेनर्ड होता. त्याने मागच्या पाच वर्षांत एकच लढत लढली होती, तीही १९८४ मध्ये. पाय किती फेऱ्या साथ देतील ही त्याची चिंता, पण हात अजून वेगवान होते. त्याच्या कोपऱ्यात, म्हणजे फेऱ्यांमध्ये सूचना देणाऱ्या चमूत, प्रशिक्षक अँजेलो डंडी होता. प्रतिस्पर्धी साउथपॉ आहे हे धरूनच त्याने सगळी तयारी केली होती.

ऑर्थोडॉक्स उभं राहण्यात काय मिळणार होतं?

आधी हॅगलरच्या बाजूने विचार करू, कारण त्याच्या निर्णयामागे तर्क होता आणि तो तर्क वेडगळ नव्हता.

लेनर्ड ऑर्थोडॉक्स. समोर साउथपॉ असला की दोघांचे पुढचे पाय एकाच बाजूला येतात आणि समोरासमोर उभे राहतात. याला ओपन स्टान्स म्हणतात. या मांडणीत ऑर्थोडॉक्स बॉक्सरला तीन गोष्टी शिकवल्या जातात. आपल्या डावीकडे फिरत राहा, म्हणजे साउथपॉच्या मागच्या डाव्या हातापासून लांब जाता. आपलं डावं पाऊल त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर ठेवा, म्हणजे त्याचा डावा हात फिरून यावा लागतो आणि आपला उजवा सरळ जातो. आणि उजवा क्रॉस जॅबची वाट न पाहता थेट मारा, कारण त्याच्या हनुवटीपर्यंत मधली वाट मोकळी असते. लेनर्डने महिनोन्‌महिने घोटलेला खेळ याच चौकटीतला होता.

हॅगलर ऑर्थोडॉक्स उभा राहिला की मांडणी क्लोज्ड होते, म्हणजे दोघांचेही डावे पाय पुढे असतात, आणि या तिन्ही गोष्टींना खीळ बसते. लेनर्ड डावीकडे फिरला तर आता तो हॅगलरच्या मागच्या उजव्या हाताकडे जातो. पुढच्या पावलांची बाहेर-आतची झुंज संपते, कारण पावलं समोरासमोर नाहीत. लेनर्डच्या उजव्या क्रॉसला हॅगलरचा पुढे आलेला डावा खांदा आडवा येतो. यकृत शरीराच्या उजव्या बाजूला असतं. साउथपॉ पवित्र्यात ती बाजू पुढे येते, ऑर्थोडॉक्समध्ये ती मागे सुरक्षित राहते. कागदावर हा सौदा फायद्याचा दिसतो.

कुठे बिनसलं

कागदावर न दिसणारी गोष्ट म्हणजे जॅब.

ओपन स्टान्समध्ये लेनर्डचा डावा जॅब ज्या रेषेने येतो, त्याच रेषेत हॅगलरचा पुढचा उजवा हात आधीच उभा असतो. जॅब तिथे अडखळतो. दोन पुढचे हात एकमेकांना चापट्या मारत, दाबत, वाट अडवत राहतात. वेगवान हाताला हे फार जाचतं, कारण वेग दाखवायला मोकळी वाट लागते. क्लोज्ड स्टान्समध्ये ती वाट मोकळी होते आणि जॅबविरुद्ध जॅब अशी सरळ शर्यत लागते. १९८७ साली मिडलवेटमध्ये लेनर्डच्या हाताशी शर्यत लावून जिंकणं कठीण होतं. लेनर्डचं एक हत्यार बंद करताना हॅगलरने त्याचं दुसरं, जास्त धारदार हत्यार मोकळं करून दिलं.

हे जवळून पाहायचं तर फक्त हॅगलरच्या उजव्या हातावर नजर ठेवावी. साउथपॉ असताना हा हात पुढे असतो, खांद्यापासून वीतभर बाहेर. येणारा जॅब तो वाटेतच थोपवतो, खाली दाबतो, आणि त्याच हालचालीतून स्वतः जॅब किंवा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) होऊन निघतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने हे विचाराआधी घडतं. ऑर्थोडॉक्समध्ये तोच उजवा हात गालापाशी जातो. आता तोच जॅब अडवायचा तर तळवा चेहऱ्यासमोर चार बोटं सरकवून जॅब झेलायचा आणि लगेच गालावर परत आणायचा. जॅब तोच आणि अडवणारा हातही तोच, पण अंतर वेगळं, वेळ वेगळी आणि अडवल्यानंतरचा उलटा ठोसाही वेगळा. माणूस दोन्ही बाजूंनी मारायला शिकतो. दोन्ही बाजूंनी बचाव तितक्याच सहजतेने करणारे फार थोडे असतात. पवित्रा बदलण्याच्या सरावात नेमकी हीच बाजू सर्वांत कमी घोटली जाते, आणि आमच्या मते बहुतेक सराव चुकतो तो इथेच.

दुसरी अडचण पायांची. फिरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात नेण्यासाठी रिंग कापावी लागते: त्याच्या मागे मागे न जाता, तो जिथे जाणार तिथे बाजूचं पाऊल टाकून वाट अडवायची. हे पाऊल कुठल्या पायाने आधी टाकायचं हे पवित्र्यावर ठरतं. उजवीकडे जाताना उजवा पाय आधी, डावीकडे जाताना डावा. नियम तोच, पण एका पवित्र्यात उजवा पाय पुढे असतो, दुसऱ्यात मागे. पुढच्या पायाने टाकलेलं बाजूचं पाऊल झटपट पडतं आणि शरीराची रेघ मोडत नाही. मागच्या पायाने टाकलेलं पाऊल जरा उशिरा पडतं आणि क्षणभर छाती उघडी पडते. म्हणजे पवित्रा बदलला की वेगवान दिशाही बदलते. वीस फुटी रिंगमध्ये फिरणाऱ्या लेनर्डला हा अर्ध्या-अर्ध्या पावलांचा उशीर पुरेसा होता. पहिल्या दोन फेऱ्यांत हॅगलरचे बरेचसे ठोसे हवेत गेले, आणि तो वाट अडवण्यापेक्षा मागे चालतानाच जास्त दिसला.

तिसरी अडचण गुणांची. चुकलेल्या ठोशाला गुण नाही आणि विजेतेपद असल्याचाही वेगळा गुण नाही. लेनर्ड थोडं मारत होता, पण दिसेल असं मारत होता. विशेषतः फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात झपाट्याने ठोशांची सर आणायची आणि जजच्या डोळ्यांत तीच ठेवून कोपऱ्यात जायचं. एखाद्या फेरीत काहीच घडत नसेल तेव्हा अशी सर फेरी जिंकून देते. हॅगलरने पहिल्या दोन फेऱ्यांत जजना पाहण्यासारखं दुसरं काही दिलं नाही.

तिसऱ्या फेरीपासून

हॅगलर साउथपॉवर परतला तेव्हा लढत लगेच उलटली नाही, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लेनर्डला पहिल्या सहा मिनिटांत लय मिळाली होती आणि वेगही शाबूत होता. बदल चुकीचा ठरला म्हणून मूळ पवित्र्यावर परतलं की सगळं पूर्ववत होतं असं नाही. मध्ये गेलेल्या वेळात प्रतिस्पर्ध्याचं अंतर आणि ताल जुळलेले असतात.

पाचव्या फेरीत लेनर्ड मंदावू लागला, मिठ्या (ठोसे टाळायला समोरच्याला पकडून ठेवणं) वाढल्या आणि हॅगलर अंतरात पोहोचला. फेरीच्या शेवटाकडे हॅगलरच्या उजव्या अपरकटने (खालून वर येणाऱ्या ठोशाने) लेनर्डचे गुडघे लटपटले. तो उजवा हात साउथपॉचा पुढचा हात होता. ऑर्थोडॉक्समध्ये याच हाताला तिथे पोहोचायला पूर्ण कंबर फिरवून यावं लागलं असतं. इथे तो आधीच पुढे, जवळ होता. सातव्या-आठव्या फेरीत त्याचा साउथपॉ जॅब नीट बसू लागला. नवव्यात डाव्या क्रॉसने लेनर्डला लागलं आणि तो कोपऱ्यात सापडला. त्यानंतर दोघांनी केलेली देवाणघेवाण ही या लढतीतली सर्वांत गाजलेली तीन मिनिटं. लेनर्डने पकडून ठेवल्याबद्दल रेफरी रिचर्ड स्टीलने तीसहून जास्त वेळा ताकीद दिली, पण एकही गुण कापला नाही. हॅगलरच्या चाहत्यांचा हा सल रास्त आहे, तरी पवित्र्याच्या हिशोबात तो वेगळा ठेवावा लागतो.

हिशोब

तीन गुणपत्रिका अशा होत्या: लू फिलिपो ११५–११३ हॅगलर, डेव्ह मोरेट्टी ११५–११३ लेनर्ड, आणि जो जो गेरा ११८–११० लेनर्ड.

दहा गुणांच्या पद्धतीत साधी फेरी १०–९ ने जाते. एक फेरी एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर फरक दोन गुणांनी बदलतो. आता पहिल्या दोनांपैकी एकच फेरी तिन्ही पत्रिकांवर हॅगलरकडे वळवून पाहा. मोरेट्टीची पत्रिका ११४–११४ होते, फिलिपोची ११६–११२ हॅगलर, गेराची ११७–१११ लेनर्ड. एक हॅगलरकडे, एक लेनर्डकडे, एक समान: लढत बरोबरीत सुटते आणि बरोबरीत विजेतेपद विजेत्याकडेच राहतं. दोन्ही फेऱ्या वळवल्या तर मोरेट्टीची पत्रिका ११५–११३ हॅगलर होते आणि हॅगलर विभागून निकालाने जिंकतो. गेराची पत्रिका दोन्ही वेळा लेनर्डकडेच राहते, तरी निकाल बदलतो.

साउथपॉ राहिला असता तर हॅगलरने त्या फेऱ्या जिंकल्याच असत्या असं या आकड्यांतून सिद्ध होत नाही. सिद्ध इतकंच होतं की प्रयोगाला दिलेली किंमत विजेतेपदाएवढी होती. छत्तीस मिनिटांपैकी सहा मिनिटं, म्हणजे सहावा हिस्सा, आणि तोही लेनर्डचे पाय सर्वांत ताजे असतानाचा.

तोच बदल, दुसरा निकाल

या शेजारी २८ जून २०१४ ची ओमाहातली लढत ठेवली की चित्र स्पष्ट होतं. टेरेन्स क्रॉफर्ड त्याच्या लाइटवेट विजेतेपदासाठी युरिऑर्किस गॅम्बोआशी लढत होता. तोही ऑर्थोडॉक्स पवित्र्यात सुरू झाला आणि सुरुवातीला गॅम्बोआच्या वेगाने त्याला त्रास दिला. मग क्रॉफर्ड साउथपॉवर गेला. पाचव्या फेरीत गॅम्बोआ खाली, आठव्यात खाली, नवव्यात दोनदा खाली आणि लढत थांबली.

वरवर पाहता दोघांनी एकच केलं: ऑर्थोडॉक्सने सुरुवात, काही फेऱ्यांनंतर साउथपॉ. फरक समोरच्या माणसात आहे. गॅम्बोआ क्रॉफर्डपेक्षा बुटका होता, त्याला मारायला आत उडी घ्यावी लागत होती. आत येणाऱ्या माणसासमोर साउथपॉचा पुढचा उजवा हात भिंत होतो, आणि आत येताना उघडी पडलेली हनुवटी हुकला मिळते. लेनर्डला आत यायची गरजच नव्हती. तो लांब राहून, थोडं मारून, मिठी मारून फेऱ्या जिंकू शकत होता. शिवाय क्रॉफर्डने सुरुवातीची मिनिटं प्रतिस्पर्ध्याची सवय टिपायला वापरली आणि मग त्या सवयीवर नेमका पवित्रा निवडला. हॅगलरने पवित्रा आधी निवडला, सवय नंतर दिसली.

बदल प्रत्यक्ष कसा करतात

आता हातापायांचं. पवित्रा बदलण्याच्या वाटा चार, आणि प्रत्येकीचं अंतर वेगळं असतं. अंतर चुकलं की उत्तम केलेला बदलही नुकसान करतो.

पहिली वाट चालत्या ठोशाची. इंग्लिश बॉक्सिंगच्या जुन्या परिभाषेत हिला शिफ्ट म्हणतात. १७ मार्च १८९७ रोजी कार्सन सिटीत बॉब फिट्झसिमन्सने जिम कॉर्बेटला पाडलं ते या हालचालीतून आलेल्या पोटातल्या डाव्या ठोशाने, असं त्या लढतीच्या वर्णनांत सांगितलं जातं. ऑर्थोडॉक्समधून क्रम असा. जॅब आणि पुढचं पाऊल अर्धं पाऊल पुढे. उजवा क्रॉस, मागची टाच बाहेर वळते, वजन डाव्या पायावर येतं. क्रॉस परत येतानाच उजवा पाय पुढे येऊन डाव्यापुढे एक पाऊल टेकतो. उजवा हात परत येतो तो गालावर न थांबता पुढच्या हाताच्या जागी, आणि डावा गालाशी ताणलेला, मारायला तयार. मग डावा क्रॉस. या वाटेने पूर्ण एक पाऊल पुढे जाणं होतं, म्हणून ती मागे हटणाऱ्या माणसावरच चालते. समोरचा जागेवर उभा राहिला तर डोक्याला डोकं आपटतं किंवा मिठी पडते.

चुका ठरलेल्या असतात. पाऊल ठोशाआधी टेकलं तर वजन आधीच उतरून जातं आणि ठोसा हलका पडतो. पाऊल उशिरा आलं तर छाती पुढच्या गुडघ्यावर झुकते आणि अपरकटला हनुवटी मिळते. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मागचा पाय स्वतःच्या रेघेतून न येता मध्यरेषेवर येणं. मग दोन्ही पावलं दोरीवर चालल्यासारखी एका ओळीत पडतात आणि साध्या जॅबनेही तोल जातो.

दुसरी वाट मागच्या पावलाची. अंगावर येणाऱ्याला पुढचं पाऊल मागे घेऊन जागा द्यायची. जुना मागचा पाय आपोआप पुढचा होतो आणि त्या बाजूचा हात येणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. शिकायला ही सर्वांत सोपी आणि वापरायला सर्वांत सुरक्षित. आमच्या मते नवशिक्याने पवित्रा बदलणं इथूनच सुरू करावं, कारण बदल होत असतानाचा धोक्याचा क्षण मागे जाताना पार पडतो.

तिसरी वाट जागच्या जागी उडीची. दोन्ही पाय एकदम अदलाबदल करतात. पावलं जमिनीपासून बोटभरच उठावीत. क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, त्या क्षणी लागलेला हलका ठोसाही माणसाला मागे ढकलतो. म्हणून समोरच्याचा एक ठोसा पोहोचेल एवढ्या अंतरात ही उडी घ्यायचीच नाही. चौथी वाट मिठीतून सुटताना किंवा बाजूला वळताना. तिथे रेफरी दोघांना वेगळं करत असताना गुपचूप पाय बदलता येतात, आणि पुष्कळदा समोरच्याला पुढचा ठोसा येईपर्यंत कळतही नाही.

किक असलेल्या खेळांत हिशोब थोडा बदलतो. ओपन स्टान्समध्ये साउथपॉची मागची डावी किक थेट यकृताच्या बाजूला जाते, म्हणून तिथे बदलाचं बक्षीस मोठं. क्लोज्ड स्टान्समध्ये पुढच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूवर लो किक सहज बसते. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये याशिवाय पुढचा पाय पकडून खाली पाडणारा असतो, आणि पवित्रा बदलला की त्याच्या हाताशी दुसरा पाय येतो. पाय पकडण्यापासूनचा बचाव ज्या पायाने शिकलात तो आता मागे आहे, हे विसरून चालत नाही.

सरावाची मांडणी

हॅगलरच्या प्रकरणातून सरावासाठी निघणारी गोष्ट अशी की मारणं दुसऱ्या बाजूला न्यायचं तर बचाव आणि पाय आधी न्यायला हवेत.

जमिनीवर खांद्याएवढ्या अंतराने दोन समांतर टेप लावाव्यात, प्रत्येकी तीन मीटर. डावं पाऊल कायम डाव्या टेपवर, उजवं कायम उजव्यावर. पुढे जाताना, मागे जाताना, बदलताना, कुठलंच पाऊल दुसऱ्याच्या टेपवर किंवा मधल्या जागेत पडता कामा नये. पहिले दोन आठवडे हात गालाशी ठेवून फक्त पाय: पुढे जात वीस बदल, मागे जात वीस बदल. खाली न बघता हे जमू लागलं की हात जोडायचे.

मग बचाव. जोडीदार फक्त जॅब मारतो, निम्म्या वेगाने, आणि बदललेल्या पवित्र्यात उभा असलेला फक्त अडवतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, उलटा ठोसा नाही. कंटाळवाणं आहे, आणि याला पर्याय नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जोडीदार क्रॉस जोडतो. या टप्प्यावर जवळजवळ सर्वांचा एकच दोष दिसतो: नवा मागचा हात गालावरून खाली घसरतो, कारण तो आयुष्यभर जॅबचा हात होता आणि जॅबनंतर छातीच्या उंचीवर परतायची त्याला सवय आहे.

बॅगवर नव्या बाजूचा क्रॉस तपासायची सोपी खूण आहे. ठोसा लागल्यावर बॅग लांब झुलत गेली तर तो ढकलला गेलाय. बॅग जागेवरच दचकली, मध्ये दुमडल्यासारखी झाली, तर कंबर आणि मागची टाच खरोखर वळली आहेत. नव्या बाजूला बहुतेकांची बॅग झुलते. तेव्हा ताकद वाढवायच्या मागे लागू नये. टाच वळवून, सावकाश, दहा-दहाच्या संचात मारावं.

स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) नवा पवित्रा सुरुवातीला फेरीत एकदाच, तीस सेकंदांसाठी, आणि तेही कोपऱ्यातून हाक आल्यावर. स्वतःच्या मनाने बदलणारा बॉक्सर ठोसा लागला की बदलतो. मार खाल्ल्यावर पाय गोंधळलेले असतात आणि अंतर चुकलेलं असतं, म्हणून तीच वेळ सर्वांत वाईट.

कोपऱ्यासाठी

लढतीत पवित्रा बदलून सुरुवात करायची ठरली असेल तर परतीची अट आधी ठरलेली असावी, आणि ती वेळेत मोजावी. पहिल्या फेरीचं पहिलं मिनिट संपेपर्यंत तीन गोष्टी बघाव्यात. आपला पुढचा हात त्याला लागतोय का, निदान त्याला अडवतोय का? तो फिरतोय त्या दिशेला आपण त्याच्या आधी पोहोचतोय की मागून चालतोय? आणि त्याची हालचाल खरंच बदलली आहे का, म्हणजे तो थबकलाय, अंतर वाढवलंय, की नेहमीसारखाच निवांत खेळतोय? तीनपैकी दोन उत्तरं विरुद्ध असतील तर मूळ पवित्रा, त्याच फेरीत. हॅगलरच्या बाबतीत लेनर्ड निवांत होता आणि हॅगलर मागून चालत होता, हे पहिल्या फेरीतच दिसत होतं.

हाक ठरवून ठेवावी, एक-दोन शब्दांची, गोंगाटातही ऐकू येणारी. ‘पाय बदल’ एवढंच ओरडलं तर बॉक्सर पाय बदलतो आणि हात विसरतो. म्हणून हाक हाताला द्यावी: ‘उजवा पुढे!’ हात पुढे गेला की पाय त्याच्याखाली येतातच, आणि जॅबची वाट त्याच क्षणी बंद होते.

फेऱ्यांमधल्या साठ सेकंदांत फार बोलता येत नाही. बॉक्सर स्टुलावर बसला की पहिले वीस सेकंद श्वासाला. मग एकच सूचना, आणि ती पवित्र्याच्या नावाने न देता कामाच्या नावाने: त्याचा जॅब दाब, त्याच्या डावीकडे आधी जा, उजवा अपरकट. सूचना ऐकताना त्याच्या पावलांकडे पाहावं. उठताना त्याचा कुठला पाय आपोआप पुढे पडतो, त्यावर पुढच्या फेरीचा पहिला अर्धा मिनिट तो कुठल्या पवित्र्यात लढणार हे घंटा व्हायच्या आधीच कळतं.